खिंड लढवणे

मराठीत 'खिंड' या शब्दाभोवती दोन वाक्प्रचार रूढ आहेत: 'खिंडीत गाठणे' आणि 'खिंड लढवणे'. पहिल्यात आपण दुसऱ्याची वाट बंद करतो आणि तो कोंडीत सापडतो. दुसऱ्यात आपणच अरुंद जागी उभे राहून कुणाला तरी पुढे जाऊ देतो आणि कुणाला तरी अडवून धरतो. दोन्ही वाक्प्रचार युद्धातून आलेले आहेत, पण मारण्याचा उल्लेख दोहोंतही नाही. नाकेबंदी, कोंडी, पेच, वेढा, चक्रव्यूह हे रोजच्या बोलण्यात येणारे शब्द याच जातीचे आहेत. आपल्या व्यवहारभाषेने रणभूमीवरून जे उचलले, त्यात तलवारीच्या घावापेक्षा वाट अडवण्याचा वाटा मोठा आहे. वर्गात वीररस शिकवताना मात्र आपण नेमके उलट करतो. कुणी किती जणांना कंठस्नान घातले, याचीच उदाहरणे आपल्या ओठांवर असतात. ही विसंगती मला गेली काही वर्षे जाणवते आहे. तिच्याकडे लक्ष वेधले गेले ते मात्र साहित्यामुळे नव्हे, तर एका खेळामुळे.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हे त्या खेळाचे नाव. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. प्रत्येकाजवळ एका कल्पित पात्राचा कागद असतो: कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एक जण निवेदक होतो. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापले पात्र काय करील ते बोलतात आणि अनिश्चित गोष्टींचा निकाल वीस बाजूंचा फासा लावतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली हा खेळ प्रसिद्ध केला. त्याचे मूळ शिशाच्या सैनिकांनी खेळायच्या युद्धखेळात आहे. १९७१ च्या 'चेनमेल' या पूर्वसुरी नियमपुस्तिकेत मांत्रिकाच्या अग्निगोलाचा आवाका दगडफेकी यंत्राएवढा आणि विजेचा तोफेएवढा धरलेला होता. म्हणजे मांत्रिक हा आरंभी दाढी लावलेला तोफखानाच होता. परंतु १९७४ च्या पहिल्या मंत्रयादीतच वेगळ्या स्वभावाचे मंत्रही दिसतात: शत्रूला झोपवणारा 'स्लीप', भुरळ घालणारा 'चार्म पर्सन', माणसाला जागच्या जागी खिळवणारा 'होल्ड पर्सन' आणि केवळ दार बंद धरून ठेवणारा 'होल्ड पोर्टल'. पुढच्याच वर्षी पुरवणी निघाली, तीत चिकट जाळे विणणारा 'वेब' आला. या मंत्रांनी थेट कुणी मरत नाही. ते रणभूमीचा आकार बदलतात. कुणी कुठे जायचे, कुणी कधी लढायचे आणि कुणी मुळीच लढायचे नाही, हे त्यांनी ठरते.

माझा मुलगा आणि त्याचे अभियांत्रिकीचे मित्र रविवारी दुपारी आमच्या घरी हा खेळ खेळतात. मी त्याच खोलीत उत्तरपत्रिका तपासत बसते, त्यामुळे अर्धे लक्ष तिकडे असतेच. एकदा त्यांच्या पात्रांवर पडक्या किल्ल्याच्या वाटेत नऊ राक्षसांची टोळी चालून आली. मांत्रिकाचे पात्र खेळणाऱ्या मुलीने दोन तटभिंतींच्या मध्ये जाळे टाकले. सहा राक्षस त्यात अडकले, तीन अलीकडे राहिले. त्यानंतरची पाऊण तास चाललेली लढाई बाकीच्यांनी लढली. तिच्या पात्राने एका खांबाआड उभे राहून ते जाळे तेवढे टिकवले. शेवटी कुणी किती मारले याचा हिशेब सुरू झाला, तेव्हा एक मुलगा तिला म्हणाला, "तू आज केलंस काय? एक पण मारला नाहीस." ती शांतपणे म्हणाली, "नऊच्या नऊ एकदम आले असते तर तू मारायला उरला असतास का?" मग माझ्याकडे वळून, "काकू, यांना सांगा हो." मी काय सांगणार? पण माझ्या हातातली उत्तरपत्रिका मात्र तशीच राहिली. त्या मुलाच्या प्रश्नात आपल्या समीक्षेचा एक जुना आग्रह मला ऐकू आला होता.

नंतर मी मुलाकडून ती नियमपुस्तके मागून घेतली. संहिता म्हणून ती वाचनीय आहेत. एक नियम तर मला फार अर्थपूर्ण वाटला. जाळे हवेत नुसते तरंगत राहत नाही. ते ताणायला समोरासमोर दोन भक्कम आधार लागतात, दोन भिंती किंवा दोन झाडे. ते नसतील तर जाळे आपोआप कोसळते. म्हणजे या मंत्राला आधी खिंड शोधावी लागते. दुसरा नियम एकाग्रतेचा. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तो ठळक झाला. अडवणारे बहुतेक मंत्र मांत्रिकाचे चित्त त्यांच्यावर आहे तोवरच टिकतात. त्याला घाव लागला तर फासा टाकून एकाग्रता राखावी लागते आणि असा दुसरा मंत्र हाती घेतला की पहिला सुटतो. अग्निगोल एकदा फेकला की फेकणारा मोकळा होतो. जाळे टाकणारा मात्र त्या जाळ्याचा पहिला कैदी असतो.

हा भेद आपल्या व्याकरणातही आहे. 'मारले' म्हणताना क्रिया संपते. 'धरून ठेवले' म्हणताना 'ठेवणे' हे साहाय्यक क्रियापद क्रियेला काळ जोडते: धरले, आणि मग धरलेलेच राहिले. प्रहाराला क्षण पुरतो. अडवण्याला कालावधी लागतो आणि तो कुणीतरी स्वतःच्या आयुष्यातून द्यावा लागतो. २००८ च्या आवृत्तीने तर पात्रांच्या ज्या चार भूमिका ठरवल्या, त्यांत रणभूमीवर ताबा ठेवणाऱ्याची भूमिका प्रहार करणाऱ्याहून वेगळी काढली आणि ती मांत्रिकाला दिली. अमेरिकी खेळाला जे वर्गीकरण करायला चौतीस वर्षे लागली, ते आपल्याकडे फार पूर्वी झालेले आहे. तंत्रग्रंथांतील षट्कर्मे आठवा: शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण. सहापैकी मारण फक्त एक. जागी खिळवणे, भुलवणे, आपसांत तेढ पाडणे, स्थानावरून हुसकावणे हे सगळे प्रकार त्या खेळात स्वतंत्र मंत्र म्हणून भेटतात. या कर्मांच्या नावाने प्रत्यक्षात माणसांची जी फसवणूक आणि छळ होतो, त्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१३ साली कायदा केला आणि तो योग्यच आहे. इथे प्रश्न आहे तो कल्पनाशक्तीचा. जादूची कल्पना करताना माणसाला आधी मारणे सुचले नाही, थांबवणे सुचले.

मराठीत या कल्पनाशक्तीचा सर्वांत मोठा साठा कुठे असेल तर तो 'नवनाथ भक्तिसार' या पोथीत. धुंडीसुत मालू यांनी शके १७४१ म्हणजे १८१९ साली पूर्ण केलेला हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ अभ्यासक्रमात क्वचित येतो, पण महाराष्ट्रात घरोघरी वाचला जातो. मी तो आत्याच्या तोंडून ऐकला. श्रावणात ती रोज एक अध्याय वाची आणि आम्ही मुले त्यातल्या लढायांची वाट पाहत असू. त्या लढाया म्हणजे अस्त्रांवर अस्त्रांची उतरंड असते आणि तिच्यात अडवणाऱ्या अस्त्रांचा भरणा मोठा आहे. रामेश्वरी मच्छिंद्रनाथ आणि मारुती यांची झुंज जुंपते. मारुती पर्वत फेकतो, नाथ ते आकाशातच स्थिर करतो. मग मारुती आणखी एक पर्वत उचलतो, तेव्हा नाथ वायुआकर्षणाचा मंत्र म्हणून समुद्राचे पाणी त्याच्यावर शिंपडतो. मारुती जिथल्या तिथे थिजतो, डोक्यावर पर्वत तसाच. मारुतीसारखा बलदंड वायुपुत्र, आणि त्याच्यावर मात करायची तर वायूच रोखायचा, ही युक्ती शक्तीची नाही, जाणकारीची आहे. शेवटी प्रत्यक्ष वायुदेव मध्ये पडतो आणि नाथ त्याला मोकळे करतो. कानिफनाथाच्या कथेतही तेच. स्त्रीराज्याच्या वाटेवर भिऊन मागे फिरलेले शेकडो शिष्य स्पर्शास्त्राने भूमीला चिकटतात, आणि पुढे त्यांचीही सुटका होते. लहानपणी मला बांधण्याचा भाग आवडे. आज पोथी उघडते तेव्हा जाणवते की मालूकवीने बहुतेक ठिकाणी बांधण्याइतकीच सोडवण्याचीही तजवीज करून ठेवली आहे. कुणीतरी येऊन 'आता सोडा' म्हणते, आणि मग सोडले जाते.

महाभारतात ही विद्या अधिक गंभीर होते. विराटपर्वात अर्जुन संमोहनास्त्राने कौरवसेना मूर्च्छित करतो आणि उत्तराला रथींची रंगीत वस्त्रे काढून आणायला सांगतो, कारण उत्तरेने बाहुल्यांसाठी ती मागितलेली असतात. मात्र भीष्मांच्या जवळ जाऊ नकोस, असे तो बजावतो. त्यांना या अस्त्राचा प्रतिकार ठाऊक असल्यामुळे ते शुद्धीवर असणार. प्रत्येक बंधनाला एक उतारा असतो आणि तो माहीत असलेला एखादा माणूस रणात उभा असतो, हे भान व्यासांना आहे. मारणे हाताशी असताना न मारणे, आणि युद्धाच्या मधोमध बाहुल्यांची आठवण ठेवणे, असा प्रसंग युद्धकाव्यात विरळा.

याच्या अगदी उलट टोकाला जयद्रथ आहे. द्रौपदीच्या अपहरणानंतर पांडवांनी त्याची विटंबना केली, तेव्हा त्याने शंकराकडून वर मिळवला तो पांडवांना मारण्याचा नव्हे; अर्जुन सोडून इतर चौघांना एक दिवस रोखून धरण्याचा. युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला आणि त्याने फोडलेले दार जयद्रथाने पुन्हा मिटवले. आत अभिमन्यूवर तुटून पडलेल्या महारथींची नावे आपण पाठ म्हणतो. पण अर्जुनाने दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापूर्वी मारण्याची प्रतिज्ञा केली ती त्यांच्यापैकी कुणाविरुद्ध नव्हे, तर दारात उभ्या राहिलेल्या जयद्रथाविरुद्ध. पुत्राचा घात कुठे झाला हे त्या बापाला बरोबर कळले होते. ज्या ठिकाणी मदत अडली, त्या ठिकाणी.

जयद्रथ आठवला की आम्हा कोल्हापूरकरांना त्याच डावाची दुसरी बाजू आठवल्याशिवाय राहत नाही, कारण ती आमच्या उंबऱ्यावर घडली. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला आणि तो ऐन पावसाळ्यातही ढिला होईना. १२ जुलैच्या रात्री शिवाजी महाराज निवडक मावळ्यांनिशी गडावरून निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. त्या रात्री दोन डाव एकदम खेळले गेले. महाराजांचा वेश घेऊन शिवा काशीद पालखीत बसला आणि पाठलाग करणाऱ्यांना त्याने दुसरीकडे ओढले. तो पकडला गेला, मारला गेला. खेळाच्या भाषेत हा मायाजालाचा मंत्र, फक्त इथे माया म्हणजे एका नाभिकाचे हाडामांसाचे शरीर होते. दुसरा डाव घोडखिंडीत. बाजीप्रभू देशपांडे मूठभर माणसांसह तिथे थांबले आणि महाराज पुढे गेले. गडावर पोहोचल्यावर तोफांचे आवाज होतील, तोवर खिंड सोडायची नाही, असे ठरल्याचे परंपरा सांगते. तपशिलांबद्दल इतिहासकारांचे वाद आहेत आणि ते असावेत. पण लोकमनाने या कथेचा जो साचा घडवला तो पाहण्यासारखा आहे. दोन कडे, मधली अरुंद वाट, एकाग्रता न सोडणारा एक माणूस आणि दूरवरची सुटकेची खूण. जाळ्याच्या मंत्राला जे जे लागते ते सारे इथे आहे.

जयद्रथ आणि बाजीप्रभू यांनी डाव एकच टाकला. एकाने दार लावले ते एका कोवळ्या मुलाला आत एकटे पाडण्यासाठी, दुसऱ्याने लावले ते आपल्या धन्याला निसटता यावे म्हणून. तेव्हा अडवण्याच्या कृतीचे मोल तिच्या जोरावरून ठरत नाही. तिच्यामुळे कोण कोंडला गेला आणि कोण सुटला, हे पाहावे लागते. रसविचारानेही हे तपासता येईल. रौद्राचा स्थायीभाव क्रोध आणि वीराचा उत्साह, हे आपण पहिल्याच तासाला सांगतो आणि पुढे उदाहरणे देताना दोहोंची सरमिसळ करून टाकतो. क्रोध घाव घालून शमतो. उत्साहाला टिकावे लागते. त्या दृष्टीने अग्निगोल रौद्राचा आणि खिंड वीराची. खासबागेच्या मैदानात कुस्ती पाहिलेल्या कोणालाही हे वेगळे सांगावे लागत नाही. तिथे प्रतिस्पर्ध्याला जायबंदी करण्याला किंमत नाही. 'कब्जा घेतला' म्हटले की सारे मैदान श्वास रोखते.

हे सगळे लिहीत असताना मनात आहे ती आत्या. मी शाळेत असताना आजोबांना अर्धांगवायू झाला आणि ते अकरा वर्षे अंथरुणावर होते. आत्या तेव्हा मॅट्रिक होऊन बरीच वर्षे झालेली, लग्नाचे बोलणे एकदोनदा येऊन गेलेले. वडील आणि काका नोकऱ्यांच्या गावी. आम्ही मुले आमच्या शाळा-कॉलेजांत. अकरा वर्षे ती त्या एका खोलीच्या दारात उभी राहिली. कूस वळवणे, भरवणे, रात्रीची हाक, आणि श्रावणात पोथी. शिवाजी विद्यापीठात मी एम. ए. केले, काव्यशास्त्राच्या तासाला वीररसाची टिपणे काढली, ती याच काळात. तिने अडवून धरलेल्या वेळातून आम्ही सगळे आपापल्या गडावर पोहोचलो. आजोबा गेल्यावर नातेवाईक म्हणाले, "एकटीनं खिंड लढवली हो." शब्द खरा होता आणि मनापासूनही होता. पण तो भूतकाळात उच्चारला गेला, आणि भूतकाळ बोलणाऱ्यांना सोयीचा असतो. तोवर तिची चाळिशी उलटून गेली होती.

ती आता आमच्याकडे असते. गुडघे गेले आहेत, पोथी अजून वाचते. मुलांचा रविवारचा खेळ तिला आवडतो. जाळ्याचा नियम मी समजावून सांगितला तेव्हा, हे तर मच्छिंद्रनाथाचेच, असा निर्वाळा तिने दिला. त्या दिवशी मी तिला विचारले, "आत्या, त्या अकरा वर्षांत सोडून जावंसं कधी वाटलं नाही का गं तुला?" ती थोडा वेळ पोथीच्या बासनाची गाठ चाचपत राहिली. मग म्हणाली, "वाटायचं की. पण आता सोड, म्हणून सांगायला कोणतरी पायजे ना."

खेळाच्या नियमपुस्तकात एक ओळीचा नियम आहे: मांत्रिक वाटेल तेव्हा आपली एकाग्रता सोडू शकतो, त्यासाठी त्याला काहीही करावे लागत नाही. खेळात हे सोपे आहे, कारण जाळ्यापलीकडे जे आहे ते कल्पित आहे. खिंडीतल्या माणसाला ही मुभा कागदावर असली तरी उपयोगाची नसते. त्याला दुसऱ्या टोकाकडून आवाज यावा लागतो. बाजीप्रभूंच्या कथेत तोफा आहेत म्हणूनच ती कथा आपल्याला सोसते. तोफांशिवायची पावनखिंड कल्पून पाहा. आणि अशा तोफांशिवायच्या खिंडी आपल्या पेठांतल्या, वाड्यावस्त्यांवरच्या कितीतरी घरांत आजही लढवल्या जात आहेत. तिथे उभ्या असलेल्यांची बहुधा स्तुती केली जाते. ती करायला हरकत नाही. पण स्तुती म्हणजे तोफ नव्हे.

दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड अशी पदभ्रमंती निघते आणि आमच्या कॉलेजातली बरीच मुले भिजत-घसरत ती पुरी करून येतात. यंदा ती परतल्यानंतरच्या आठवड्यात वीरकाव्याचा तास होता. बाजीप्रभूंनी किती वार झेलले, किती शत्रू पाडले यावर मुले नेहमीप्रमाणे उत्साहाने बोलली. नंतर मी एवढेच विचारले, "तोफा उडवण्याची जबाबदारी कुणाची होती?" वर्ग गप्प झाला. कुणी गडावरच्या गोलंदाजाचे नाव आठवू पाहत होते. शेवटच्या बाकावर शाहूवाडीकडचा एक मुलगा बसतो, एरवी तो बोलत नाही. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, जे पोचले त्यांची."